शिस्त कडक, पण सगळ्यांना सारखी नाही

लातूरकडची शाळा, नाव लिहित नाही कारण लेकरू अजून तिथंच शिकतंय. इमारत, मैदान, रिझल्ट सगळं ठीक, पण शिस्तीला एकच स्टार. माझ्या भाच्याला कमी ऐकू येतं, मशीन लावतो, कागदपत्रं ॲडमिशनलाच दिलेली, तरी सरांनी मागून हाक मारली अन् त्यानं वळून नाही बघितलं की वर्गाबाहेर उभं, डायरीत लाल पेनानं 'उर्मट'. सोबत बाहेर कोण असतं तर तांड्यावरून येणारा पोरगा. त्यानं अन् एका बड्या घरच्या पोरानं मिळून डस्टर फेकलं, तर एकाला "असं करू नये बाळा" अन् याला भर वर्गात "तुमच्यात हेच शिकवतात का", ऐकून अंगाचा तिळपापड झाला. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नं मारणं अन् मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे, दिव्यांग कायदा २०१६ मध्ये भेदभाव न करता शिकवायचं स्पष्ट लिहिलंय, मुख्याध्यापकांना दाखवलं तर म्हणे "बघू". वर्गशिक्षिका बाई मात्र खरंच चांगल्या, भाच्याला पुढच्या बाकावर घेतलं, तोंडाकडं बघेल असं बोलतात, त्यांच्या तासाला एक तक्रार नाही. ॲडमिशन घेणार असाल तर बाहेर कोणकोणती लेकरं उभी असतात ते आधी जाऊन बघा.