घटसर्पाची सुई: ऑक्सिटेट्रासायक्लिन की सेफ्टिओफर?

गोरेगावच्या तबेल्यात पावसाळ्यात म्हशीला ताप चढला, घसा सुजला, की घटसर्पाची, म्हणजे गुरांच्या जिवाणूजन्य आजाराची धास्ती. त्यावर दोन अँटिबायोटिक इंजेक्शनं. लाँग ॲक्टिंग (अंगात जास्त दिवस टिकणारं) ऑक्सिटेट्रासायक्लिन स्वस्त, एकदा टोचलं की साधारण 3 दिवस पुरतं. पण किलोला 20 मिलिग्रॅम, म्हणजे 500 किलोच्या म्हशीला मिलीला 200 मिलिग्रॅमवाल्या बाटलीतलं 50 मिली! एका जागी 10 मिलीच, म्हणून पाच ठिकाणी टोचा; तोवर ती दावं तोडायच्या बेतात. वर औषध दुधात उतरतं, म्हणून कित्येक दिवसांचं दूध गटारात. सेफ्टिओफर रोज द्यायचं, महागही. डोस मात्र चिमूटभर, आणि लेबलप्रमाणे दूध थांबवावं लागत नाही. तबेलेवाल्यांना तेच प्यारं. मला नाही. सेफ्टिओफरच्याच गटातली इंजेक्शनं माणसांच्या गंभीर आजारांत लागतात; गुरांत सर्रास वापरली, तर जंतू त्यांना दाद देईनासे होतात. डॉक्टरांना मी आधी ऑक्सिटेट्रासायक्लिनचंच विचारतो.