लॅपटॉप घेण्याआधी तक्रारी आणि सर्व्हिस कशी तपासावी

एक स्टार दिलेले रिव्ह्यू मोजू नका, वाचा. 'डबा फुटलेला आला' ही कुरिअरची तक्रार, लॅपटॉपची नव्हे. पण एकाच मॉडेलबद्दल वेगवेगळे लोक 'वर्षभरात बिजागरी (स्क्रीन उघडते-मिटते तो सांधा) तुटली' म्हणत असतील तर तो रचनेचा दोष समजा. प्लास्टिक बॉडीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये बिजागरीचे स्क्रू प्लास्टिकमध्ये बसवलेल्या पितळी नटांत घट्ट केलेले असतात. बिजागरी कडक असली की ताण त्या प्लास्टिकवर येतो आणि नट उपटून निघतात. बरेचदा कंपनी याला 'वापरकर्त्याकडून झालेले नुकसान' ठरवून वॉरंटी नाकारते, म्हणून अशा तक्रारींना मी सर्वात जास्त वजन देतो. ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर) किंवा बायोसच्या (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्राम) तक्रारी अपडेटने सुटू शकतात. त्यांची तारीख तेवढी पाहा; जुनी तक्रार एव्हाना सुटलेली असू शकते.

सर्व्हिसमध्ये पहिला प्रश्न: ऑनसाइट (तंत्रज्ञ तुमच्याकडे येतो) की कॅरी-इन (मशीन सर्व्हिस सेंटरला न्यावं लागतं)? कॅरी-इनमध्ये मशीन तुमच्याकडून जाते, आणि पार्ट येईपर्यंत काम ठप्प. बॅटरीची वॉरंटी अनेकदा वेगळी, 1 वर्षाचीच असते. पडणे, पाणी सांडणे साध्या वॉरंटीत येत नाही.

डेल, एचपी, लेनोवो बऱ्याच मॉडेलचे सर्व्हिस मॅन्युअल वेबसाइटवर देतात. त्यात बॅटरी आणि एसएसडी (डेटा साठवणारा ड्राइव्ह) बदलता येते का, रॅम बोर्डावर सोल्डर केलेली (कायमची डाग देऊन जोडलेली) आहे का, ते आधीच पाहा. सोल्डर केलेली रॅम बिघडली की सहसा अख्खा मदरबोर्डच बदलतात.

खरेदीपूर्वीच सपोर्टला फोन करून बॅटरीचा पार्ट नंबर विचारा. उत्तर टाळलं, तर ते मॉडेल सोडा.