केळी एक्स्पोर्टला 'भागीदारी'त देताय? आधी कंटेनर नंबर मागा

करमाळा, टेंभुर्णी, इंदापूर पट्ट्यात ज्यांची केळी आखाताला जाते त्यांच्यासाठी लिहितोय, कारण आमच्या गटाला ज्यानं गंडवलं तो माणूस अजून याच भागात फिरतोय आणि आता वेगळ्या फर्मचं नाव सांगतोय असं कानावर आलंय.

माल कसा जातो ते आपल्याकडं पोरासोरांना पण माहितीय. टोळी येते, घड उतरवते, फण्या करून धुऊन १३ किलोच्या बॉक्समध्ये भरते, चाळीस फुटी रिफरमध्ये, म्हणजे थंड ठेवायच्या कंटेनरमध्ये, वीसेक टन माल बसतो, टेम्परेचर १३-१४ डिग्री ठेवायचं आणि गाडी न्हावा शेवाला, तिथनं जहाजानं जेबेल अली, म्हणजे दुबईचं बंदर. पण गाडी बांधावरनं हलली की पुढं काय होतं हे कुणी विचारत नाही, पैसे आले की विषय संपला. ह्यानं नेमकी तीच जागा धरली.

सुरुवात अगदी सरळ होती. ओळखीच्या एजंटाकडनं आला, जागेवर वजन, जागेवर रेट, आणि सांगितलेल्या दिवशी खात्यावर पैसे. दांड्याच्या घटीवरनं, म्हणजे घडाच्या दांड्यापोटी वजनातनं होणाऱ्या कपातीवरनं, पण कधी किरकिर केली नाही, तिथंच खरं तर लोकांचा विश्वास बसला. मग सोलापुरात सात रस्त्याजवळ एका हॉटेलात मीटिंग घेतली, पडद्यावर नकाशे, बाण, 'सप्लाय चेन कोलॅबोरेशन' म्हणे. शेतकरी गट, पॅकहाऊस, ट्रान्सपोर्ट, एक्स्पोर्टर, दुबईचा बायर सगळे एका साखळीत, मधला दलाल गायब आणि किलोला चार रुपये जास्त. जेवण पण चांगलं होतं.

पाचशेच्या स्टॅम्पवर करार झाला. त्यात दोन ओळी होत्या, पेमेंट 'अंतिम विक्रीनंतर' आणि खर्च-नुकसान 'सर्व भागीदारांमध्ये प्रमाणात'. म्हणजे आतापर्यंत आम्ही बांधावर माल विकत होतो, काटा झाला की तो व्यापाऱ्याचा, आणि आता तीच केळी दुबईत विकली जाईपर्यंत आमचीच, रस्त्यात काय झालं तर ते पण आमचंच. चार रुपये कशाचे होते ते आता कळतंय.

लागोपाठ दोन कंटेनर भरले. मग काही दिवसांनी व्हॉट्सॲपवर काळ्या पडलेल्या केळीचे फोटो आले, माल वाटेत पिकला, बायरनं रिजेक्ट केला, पोर्टवर पडून आहे, रोज डेमरेज (पोर्टवर माल पडून राहिल्याचा दंड) चढतंय, प्रत्येकानं थोडे थोडे भरा म्हणजे सोडवून तिथल्या लोकल मार्केटला काढू. गटातल्या काहींनी सोसायटीचं कर्ज डोक्यावर असताना हे पण पैसे भरले. ह्याचा राग मला मालाच्या पैशापेक्षा जास्त आहे.

उलगडलं ते एका पोरामुळं. गटातल्या एकाचा भाचा न्हावा शेव्याला क्लिअरिंगच्या कामात आहे, त्यानं पहिला प्रश्न विचारला, मामा कंटेनर नंबर काय? भरताना काढलेल्या फोटोत दारावर नंबर दिसत होता, चार अक्षरं आणि सात आकडे. तो शिपिंग लाईनच्या वेबसाईटवर टाकला की कंटेनर कुठं आहे ते कुणालाही फुकट दिसतं, लॉगिन लागत नाही. दोन्ही कंटेनर जेबेल अलीतनं भरलेले बाहेर गेले होते आणि रिकामे होऊन परत जमा पण झाले होते, आम्हाला 'पोर्टवर पडून आहे'चे फोटो यायच्या आधीच. आणि खरंच माल खराब झाला असता तर रिफरचा टेम्परेचर रेकॉर्ड असतो, सर्व्हेअरचा रिपोर्ट असतो, इन्शुरन्सचा क्लेम असतो. त्यातलं एक कागद मागितल्यावर साहेबांचा फोन बंद.

पुढं शिपिंग बिल, म्हणजे कस्टमला दिलेला निर्यातीचा कागद, काढलं तर त्यावर तिसऱ्याच फर्मचं नाव, आयईसी कोड (आयात-निर्यातीचा परवाना नंबर) पण त्यांचाच. ते म्हणतात आम्ही ह्याच्याकडनं माल घेतला, पैसे दिले, तुम्हाला ओळखत नाही. ह्याचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला तर रजिस्ट्रेशन जेमतेम काही महिन्यांचं, आणि गप्पा मारायचा वीस वर्षांच्या. हे बघायला पण एक रुपया लागत नाही बरं का.

तक्रार द्यायला गेलो तर आधी ऐकायला मिळालं की तुम्ही भागीदार, हा तोट्याचा वाद आहे, दिवाणीत जा. त्या दोन ओळी तिथं कामाला आल्या, त्याच्या. वकिलानं कंटेनरचं ट्रॅकिंग, फोटोंच्या तारखा आणि डेमरेजच्या नावानं घेतलेल्या पैशाच्या पावत्या एकत्र लावल्या तेव्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली, म्हणजे फसवणुकीचा, अर्ज घेतला गेला. पैसे अजून आलेले नाहीत.

तुमच्याकडं असली ऑफर आली असेल तर 'तोटा वाटून' ही ओळ खोडून घ्या. काटा झाला की माल खरेदीदाराचा, हे वजन-रेट-तारखेसकट लिहून घ्या. एक्स्पोर्टर खरा असेल तर बायर बुडवेल ह्या भीतीसाठी त्याला ईसीजीसीचा, म्हणजे निर्यातीच्या पैशाचा विमा देणाऱ्या सरकारी कंपनीचा, विमा काढता येतो, ती भीती त्यानं तुमच्या गळ्यात घालायचं कारण नाही. शिपिंग बिलाची कॉपी माल गेल्यावर लगेच मागा, कुणाच्या नावावर आहे बघा, आणि दारावरच्या नंबरचा फोटो स्वतः काढा, ड्रायव्हर ओरडला तरी.

आणि ज्यांना असेच काळ्या केळीचे फोटो आलेत त्यांनी ते डिलीट करू नका, कंटेनर नंबर शोधून ट्रॅकिंगची प्रिंट काढा आणि आपापल्या पोलीस ठाण्यात तारखेसकट अर्ज द्या, आमचा वकील म्हणतोय की वेगवेगळ्या गावांतनं एकाच माणसाविरुद्ध कागद गेले तर 'व्यवहारातला तोटा' हे त्याचं सोंग टिकणार नाही.