समेरियम-कोबाल्ट चुंबक: तापलेल्या तेलातला आठ महिन्यांचा अनुभव

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील आमच्या छोट्या कारखान्यात टाक्यांवर बसवायचे चुंबकीय लेव्हल इंडिकेटर तयार होतात. टाकीलगतच्या नळीत स्टेनलेस स्टीलचा पोकळ फ्लोट तरंगतो, त्याच्या पोटात चुंबक असतो आणि फ्लोट जसजसा सरकतो तसतसे बाहेरच्या पट्टीवरचे लाल-पांढरे रोलर एकेक करून उलटतात. गेल्या वर्षी थर्मिक फ्लुइडच्या, म्हणजे उष्णता वाहून नेणाऱ्या तेलाच्या, एका टाकीवर हे रोलर मधूनच अडू लागले. फ्लोट उघडून गॉसमीटर (चुंबकीय क्षेत्राची तीव्रता गॉस या एककात मोजणारे उपकरण) लावला, तेव्हा मूळच्या 2,900 गॉसच्या जागी जेमतेम 1,600 भरले आणि चुंबक पूर्ण थंड झाल्यावरही आकडा वर आला नाही.

तो एसएच ग्रेडचा निओडिमियम चुंबक होता. या उष्णता सोसणाऱ्या ग्रेडची कमाल तापमानमर्यादा 150 अंश सेल्सिअस असते आणि टाकीतले तेल 180 अंशांपर्यंत तापत होते. शिवाय ही मर्यादा प्रत्येक आकाराला सारखी लागू पडत नाही; पातळ चकती जाड ठोकळ्याच्या तुलनेत लवकर चुंबकत्व गमावते, हे आम्ही खरेदीच्या वेळी लक्षात घ्यायला हवे होते.

त्यानंतर समेरियम-कोबाल्टच्या 2:17 प्रकारातील (हे समेरियम आणि कोबाल्टसारख्या धातूंच्या अणूंचे प्रमाण) 40 चकत्या मागवल्या. कामगिरीबद्दल मी पूर्ण समाधानी आहे. रात्रभर 200 अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवून थंड केल्यावर 2,400 गॉसची चकती 2,380 दाखवत होती आणि आठ महिने टाकीत राहिलेल्या फ्लोटमध्येही जवळपास तोच आकडा मिळाला. तापमान अंशाने वाढले की निओडिमियमचे चुंबकत्व साधारण 0.12 टक्क्याने उतरते, समेरियम-कोबाल्टचे सुमारे 0.035 टक्क्याने, म्हणजे 150 अंशांच्या फरकात एकीकडे 18 टक्के, तर दुसरीकडे 5 टक्के. निओडिमियमचे क्युरी तापमान, म्हणजे ज्याच्यावर चुंबकत्व पूर्ण नाहीसे होते ते तापमान, 310 अंशांच्या आसपास, तर याचे 800च्या घरात आहे. लोह कमी असल्यामुळे निकेलचा मुलामा नसला तरी गंजाची धास्ती नाही.

किंमत मात्र आम्हाला निओडिमियमच्या सुमारे अडीचपट पडली. हा पदार्थ अतिशय ठिसूळ आहे. दोन चकत्यांचे कोपरे पेटीतच उडालेले होते आणि तिसरी आमच्या कारागिराच्या हातून दुसरीवर आपटून फुटली. पुरवठादाराबद्दल खरी तक्रार कागदपत्रांची आहे: वेगवेगळ्या तापमानांचे विचुंबकन-आलेख (कोणत्या परिस्थितीत चुंबकत्व किती उतरते हे दाखवणारे) तिसऱ्यांदा मागितल्यावर आले. गरम कामासाठी चुंबक विकणाऱ्याने ते मालासोबतच द्यायला हवेत, कारण खोलीच्या तापमानातला गॉसचा आकडा पाहून चुंबक 180 अंशांना टिकेल की नाही, हे कळत नाही.

उष्णता सोसण्याची क्षमता वाढवणारी डिस्प्रोसियम किंवा टर्बियम ही दुर्मिळ मूलद्रव्ये घातलेले उच्च ग्रेडचे निओडिमियम हा पर्याय आहेच. पण चीनने एप्रिल 2025मध्ये या दोन्हींसह समेरियमच्या निर्यातीलाही परवान्याची अट घातली, त्यामुळे कोणताही मार्ग निवडला तरी मागणी बरीच आधी नोंदवावी लागते. आम्ही 120 अंशांखालच्या टाक्यांसाठी एसएच निओडिमियमच ठेवला आहे, त्यावरच्या सगळ्यांसाठी समेरियम-कोबाल्ट.

बदल करणाऱ्यांनी फ्लोटचे वजन नव्याने काढावे. निओडिमियम चुंबकाची घनता घनसेंटीमीटरला 7.5 ग्रॅमच्या आसपास, समेरियम-कोबाल्टची 8.4 आहे आणि तापलेले तेल स्वतः हलके होते. आमचा पहिला फ्लोट थंड तेलात व्यवस्थित तरंगला आणि 180 अंशांना तळाशी बसला; म्हणून दुसऱ्या फ्लोटचे पोकळ नळकांडेच आम्ही 20 मिलिमीटरने लांब केले.