ख्रिस स्टेपलटनचा 'ट्रॅव्हलर': सहा महिने ऐकल्यावर सांगतो, शफल बंद ठेवा

स्टेपलटन हा अमेरिकन कंट्री गायक. 'टेनेसी व्हिस्की' या गाण्यामुळे त्याच्या या अल्बमकडे आलेले बरेच जण तिसऱ्या गाण्यावरच थांबतात. मे २०१५ मध्ये आलेला अल्बम नोव्हेंबरात, सीएमए या कंट्री संगीताच्या पुरस्कार सोहळ्यात पॉप गायक जस्टिन टिम्बरलेकसोबत ते गाणं झाल्यावर, बिलबोर्ड २०० या अमेरिकेतल्या अल्बमच्या क्रमवारीत पहिला आला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण माझ्या लेखी अल्बमचा जीव पाचव्या गाण्यात आहे: 'व्हिस्की अँड यू'. आणि शफलवर नेमकं तेच बिघडतं.

या गाण्यात फक्त गळा आणि अकूस्टिक गिटार. ड्रम नाहीत, बास नाही. सुरुवातीला वाटायचं, इथे आवाज अंगावर येतो, मिक्सिंग चुकलंय. ते मत आता मागे घेतो. स्पॉटिफायवर अल्बम क्रमाने लावला की नॉर्मलायझेशन, म्हणजे ॲपने आपोआप आवाजाची पातळी जुळवणं, सगळ्या गाण्यांना एकाच मापाने लागतं. शफल केलं किंवा गाणं प्लेलिस्टमध्ये टाकलं की प्रत्येक गाणं सुटं मोजलं जातं आणि हळू गाण्याचा आवाज वर चढतो. आधीच्या, चौथ्या 'पॅराशूट'च्या दणक्यानंतरची शांतता तिथेच संपते. म्हणून क्रॉसफेड (एक गाणं दुसऱ्यात मिसळणारी सेटिंग) शून्यावर ठेवा, अल्बम पहिल्यापासून लावा, 'पॅराशूट'ला आवाज जुळवा आणि पुढे बटणाला हात लावू नका.

गिटार शिकणाऱ्यांसाठी: 'टेनेसी व्हिस्की'त ए आणि बी मायनर हे दोनच कॉर्ड, झोका सहा मात्रांचा, दादऱ्याच्या अंगाने मोजता येतो. नवशिके बी मायनरच्या बारला (एका बोटाने अनेक तारा दाबायला) अडतात, तार दबत नाही आणि लय तुटते. कॅपो दुसऱ्या फ्रेटवर लावून जी आणि ए मायनर धरा, सूर तोच राहतो. पांढरी सहा (म्हणजे ए) गळ्याला चढी पडत असेल तर कॅपो काढा, त्याच आकारांत पांढरी पाच मिळते. खरी अडचण लयीची आहे. लय इतकी संथ आहे की हात आपोआप पुढे पळतो, मेट्रोनोमवर सहाही मात्रा वाजू द्या.

एक तक्रार मात्र कायम आहे. १४ गाणी, ६३ मिनिटं, आणि सातव्यापासून नवव्यापर्यंत चाल सलग मंद. यातलं एक गाणं कमी चाललं असतं. त्याची पत्नी मॉर्गन स्टेपलटनचा साथीचा आवाज आहे म्हणून तो पट्टा निभावतो.

दोन एलपींचा संच घ्यायचा मोह होईल. तिथे नॉर्मलायझेशनचा प्रश्नच नाही, पण दर तीन-चार गाण्यांनी उठून बाजू बदलावी लागते. सीडीवरही नॉर्मलायझेशन नाही, आणि ६३ मिनिटं एकाच तबकडीत मावतात. पैसे तिथेच घाला. शेवटचं 'समटाइम्स आय क्राय' नॅशव्हिलच्या आरसीए स्टुडिओ ए मध्ये श्रोत्यांसमोर रेकॉर्ड झालंय. ते हेडफोनवर ऐका, खोली ऐकू येते.