‘ओरिजिनल’ ब्रेक पार्ट्सच्या नावाखाली १२,३६० रुपयांना गंडवलं, जुनी गाडी घरी उघडणाऱ्यांनी वाचा

रक्कम बघून कुणी म्हणेल एवढ्याशा पैशासाठी काय एवढं लिहायचं. पैशासाठी लिहीतच नाहीये. ब्रेक आहेत हे. मोबाईलचं कव्हर डुप्लिकेट निघालं तर माणूस दोन शिव्या घालून गप्प बसतो, इथे मागच्या सीटवर माझी नात बसलेली होती.

गाडी मारुती ८००, २००७ ची. २०२२ ला पंधरा वर्षं झाली तेव्हा ५,००० रुपये रिन्युअल फी, ग्रीन टॅक्स वेगळा, पासिंगसाठी टायर आणि डेंटिंग वेगळं, एवढं सगळं करून ठेवलेली. भंगारात द्या म्हणणारे खूप भेटले, पण नाशिकातल्या नाशिकात फिरायला आणि कधीतरी पिंपळगावला शेतावर जायला याहून काय लागतं. माझी सगळी नोकरी एमआयडीसीत मेंटेनन्सला गेली त्यामुळे पान्हा धरायला मला कुणी शिकवायची गरज नाही, हे आधीच सांगतो, कारण खाली कमेंटमध्ये ‘काका मेकॅनिककडे द्यायचं ना’ असं लिहिणारे येणारच.

तर झालं असं की मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूने टायर ओला दिसायला लागला आणि ब्रेक ऑइलची लेव्हल हळूहळू उतरायला लागली. शिवाय सिग्नलला पेडल दाबून धरलं की ते आपोआप सावकाश खाली जायचं, म्हणजे मागचा व्हील सिलेंडर (ऑइलच्या दाबाने चाकाचा ब्रेक लावणारा) बाहेर गळतोय आणि मास्टर सिलेंडरचे (पेडल दाबलं की सगळ्या चाकांकडे ऑइल ढकलणारा) रबर आतल्या आत सोडतायत, दोन्ही. शोरूमवाल्यांनी सांगितलं पार्ट मागवावा लागेल, तारीख सांगता येत नाही. मार्केटमधल्या दुकानदाराने तीन वेगवेगळ्या पॅकिंगचे तीन भाव सांगितले आणि कुठल्याचीच गॅरंटी देत नाही म्हणाला. आता मला कळतंय की तो एकटाच खरं बोलत होता.

मग जुन्या गाड्यांच्या पार्ट्सच्या एका ग्रुपमध्ये एकाने पोस्ट टाकली, डीलरशिप बंद झाली, कंपनी पॅक माल क्लिअर करायचाय. पुढचं तुम्हाला माहितीच आहे, व्हॉट्सअ‍ॅप नंबर, गोडाऊनचा व्हिडिओ, ‘काका शेवटचा एकच पीस आहे’, सगळं तेच. मास्टर सिलेंडर १,६५०, मागचे दोन व्हील सिलेंडर ७६०, ब्रेक ऑइलच्या दोन बाटल्या ३६०, कुरिअर १८०. एकूण २,९५०. कॅश ऑन डिलिव्हरी नाही, कारण म्हणे जुन्या पार्टला लोक ऑर्डर देतात आणि घेत नाहीत.

पैसे पाठवताना स्क्रीनवर दुकानाचं नाव न येता भलत्याच एका माणसाचं नाव आलं. मी विचारलं. तो म्हणाला भावाचं खातं आहे. आता मला सांगा, आपल्याकडे किराणा दुकानाचा क्यूआर सुनेच्या नावावर असतो, रिक्षावाल्याचा पोराच्या नावावर असतो, यात कुणाला संशय येईल? पण हेच नंतर नडलं. दुकानाच्या खात्यावर न जाता एका व्यक्तीच्या खात्यात गेलेला पैसा म्हणजे बँकेच्या लेखी तुम्ही मित्राला उसने दिलेत. बिल मागितलं तर ‘पार्सलमध्ये आहे’. पार्सलमध्ये बिल नव्हतं. बिल आधी, पैसे नंतर, मग समोरचा कितीही गोड बोलू दे.

पार्सल मात्र आलं, आणि हीच त्यांची चलाखी. विटा भरून पाठवल्या असत्या तर सरळ फसवणूक दिसली असती. खोकी होती, होलोग्राम होता, बाटलीच्या झाकणाखाली फॉइलचं सील होतं. खोक्यावरच्या किमतीच्या स्टिकरचा कोपरा उचललेला होता आणि खाली दुसरं स्टिकर होतं. ते बघितलं होतं मी, पण जुना स्टॉक म्हटल्यावर स्टिकर बदललेलं असणार असंच कुणालाही वाटेल. (छापील किमतीवर जास्त किमतीचं स्टिकर चिकटवायला कायद्याने मनाई आहे, आणि पॅकवर बनवणाऱ्याचा पत्ता, महिना-वर्ष आणि तक्रारीचा नंबर असायलाच हवा. खोकं हातात आलं की आधी हे वाचा, होलोग्राम काय आजकाल किलोवर मिळतो.)

काम घरच्या पार्किंगमध्येच केलं. ज्यांनी केलंय त्यांना माहितीये, सिलेंडर बदलणं सोपं असतं, पाइपाचा नट सुटणं अवघड असतं. इतक्या वर्षांचा गंज, दहाचा पान्हा लावला की नट गोल व्हायला लागतो आणि जोर केला तर नटाबरोबर पाईपच पिळतो. गंज सोडवायचा स्प्रे मारून रात्रभर ठेवलं, मग कुठे सुटला. मग ब्रेकच्या पाइपातली हवा काढायला बायको सीटवर, मी खाली. ‘दाब, धर, धरून ठेव... सोड.’ ‘अहो, किती वेळ?’ गुडघ्याखाली पुठ्ठा, निपलला (हवा सोडायच्या बारीक तोंडाला) नळी, नळी बाटलीत. बुडबुडे थांबले, पेडल वर कडक झालं. इतकं बरं वाटलं होतं.

आणि आता तो क्षण, जो आठवला की अजून झोप उडते. ऑइल भरताना धार थोडी चुकली आणि मडगार्डवर सांडली. ब्रेक ऑइल रंग खातं हे सगळ्यांना माहितीये, मी धावत जाऊन ओल्या फडक्याने पुसलं. पाण्याने ते निघेना. फडकं फिरवलं की नुसतं पसरत होतं, वर पाण्याचे थेंब उभे राहत होते, तेल लावलेल्या तव्यावर राहतात तसे. शेवटी साबण लावून पुसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर बॉनेटच्या बिजागरीपाशी एक थेंब राहून गेला होता, तो रात्रभर रंगावर होता आणि रंगाला काही झालं नव्हतं. फोड नाही, सुरकुती नाही, उलट चकाकत होता. खरं ब्रेक ऑइल रात्रभर रंगावर राहिलं तर रंग उचलतंच. आणि खरं ब्रेक ऑइल पाण्यात मिसळतं, पाण्याने धुतलं जातं. दोन्ही खुणा माझ्या डोळ्यासमोर होत्या! पण रंग वाचला की माणूस देवाचे आभार मानतो, रंग का वाचला याचा तपास करत बसत नाही. कुणीच केला नसता.

थोडे दिवस गाडी मस्त चालली. मग पिंपळगावहून येताना ओझरच्या पुढे गाडी ओढेना. अ‍ॅक्सिलरेटर दाबतोय आणि गाडी मागून कुणी धरल्यासारखी. जळका वास यायला लागला. बाजूला घेतली तर पुढची दोन्ही चाकं आणि मागचे ड्रम इतके तापलेले की जवळ हात नेववत नव्हता. ब्रेक सोडला तरी लागलेलेच. मागून ट्रक चाललेत, बायको नातीला घेऊन डिव्हायडरपाशी उभी. बऱ्याच वेळाने चाकं गार झाल्यावर सुटली, तशीच दुसऱ्या गियरवर घरी आणली. आणली हे चुकीचं होतं असं मुलगा म्हणतो, पण भर हायवेवर संध्याकाळी दुसरं काय करणार.

घरी मास्टर सिलेंडरचं झाकण उघडलं तर झाकणातलं रबर फुगून दीडपट झालेलं, परत बसेना. तेव्हा ट्यूब पेटली. उरलेली बाटली काढली, काचेच्या पेल्यात पाणी घेतलं आणि चमचाभर ओतलं. वर थर. ढवळलं, ठेवलं, परत वर थर. शेजारच्या पोराकडे दुकानातून आणलेली चांगल्या कंपनीची सीलबंद बाटली होती, ती टाकली तर पाण्यात विरघळून गेली. म्हणजे बाटलीत सरळ सरळ साधं खनिज तेल होतं, नाहीतर त्याची भेसळ. ब्रेकचे रबर अशा तेलात फुगतात. फुगलेलं रबर मास्टर सिलेंडरमधलं ऑइल परत जायचं बारीक भोक बंद करतं, मग पाय काढला तरी प्रेशर सुटत नाही. आधी ब्रेक जाम होतात, पुढे रबर सडून फाटलं की ब्रेकच नाहीत.

मग सगळंच उघडलं. नवीन म्हणून दिलेला व्हील सिलेंडर बाहेरून रंगवलेला आणि आत बोअरला (आतल्या गोल भोकाला) खड्डे, वरून नुसतं घासून पॉलिश मारलेलं. निपलच्या आट्यांत रंग गेलेला. नवीन पार्टच्या आट्यांत रंग कशाला असेल? रबरी टोपी काढून, टॉर्च मारून आत बघा, एक मिनिट लागतं.

त्या माणसाला फोटो पाठवले. चिडला नाही, काही नाही, ‘काका सॉरी, लॉट खराब आला, परत पाठवा, दुसऱ्या लॉटचा फरक ८५० भरा, लगेच पाठवतो.’ पार्सल पाठवायला माझे २१० गेले. हो, भरले ८५०, कारण तोपर्यंत तो फोन उचलत होता आणि मला वाटलं खालच्या माणसाने त्याला फसवलं असेल. त्यानंतर ब्लॉक. एकूण ४,०१०. आणि पुरावा म्हणून असलेला मास्टर सिलेंडर त्याच्याकडे परत गेला! पुरावा कधीही परत पाठवू नका. नशीब की एक व्हील सिलेंडर आणि अर्धी बाटली घरी राहिली.

आता सरकारी अनुभव ऐका. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, ‘माल मिळाला ना?’ मिळाला म्हटल्यावर पेन खाली ठेवलं. म्हणे हा सिव्हिल मॅटर आहे, ग्राहक मंचात जा. मी म्हटलं साहेब, बनावट माल आहे, जीव गेला असता. तर म्हणे गेला का? हे शब्द. मग म्हणे समोरचा दुसऱ्या राज्यातला आहे, आमची हद्द नाही. अहो, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ आहे ना, दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द कुठलीही असली तरी घ्यायची, हे छापून ठेवलंय ना तुम्हीच? ते बोललो तर ‘तुम्ही वकील आहात का’. शेवटी एका कागदावर अर्ज घेतला, शिक्का मारला, तो शिक्का मिळवायलाच मला बाकावर अर्धा दिवस बसवलं. बँकेत गेलो तर काउंटरवरची मुलगी म्हणाली पिन तुम्हीच टाकलाय, आम्ही काही करू शकत नाही. ज्या कंपनीचं नाव खोक्यावर होतं तिच्या कस्टमर केअरला फोटो पाठवले, फोनवर लगेच म्हणाले सर हा आमचा माल नाहीच. बरं, मग तेवढंच मेलवर लिहून द्या. लिहून देत नाहीत! त्यांच्या नावाने कुणीतरी विष विकतंय आणि त्यांना एक ओळ लिहायला जड जातंय. पोलीस म्हणतात कंपनीने तक्रार करू दे, कंपनी म्हणते पोलिसात जा.

ग्राहक आयोगाचं ऐका. ५ लाखांपर्यंत फी नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दोन वर्षांची मुदत, वकील लागत नाही, सगळं खरं आहे. पण समोरच्याचा पत्ता लागतो. कुरिअरच्या पावतीवरच्या पत्त्यावर नोटीस पाठवली, ‘अपूर्ण पत्ता’ म्हणून परत. म्हणून सांगतो, जीएसटी नंबर मागा आणि सरकारी साइटवर टाकून नाव-पत्ता जुळतो का बघा. मोठ्या शॉपिंग साइटवरून घेतलं तर निदान तक्रार अधिकारी असतो, त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्यात निकाल लावायचा असा २०२० चा नियम आहे. ग्रुपवरच्या माणसाला कुठलाच नियम नाही. आणि पैसे गेल्या गेल्या १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा, पैसे खात्यात असेपर्यंतच ते अडवता येतात. माझ्या बाबतीत फसवणूक कळायलाच वेळ गेला, तिथे मी काय करणार होतो.

शेवटी गाडी टो करून गॅरेजला. टोइंग १,२००, मजुरी १,८००, पार्ट्स ५,३५०: मास्टर, दोन्ही व्हील सिलेंडर, पुढच्या कॅलिपरचे (पुढच्या चाकांच्या डिस्क ब्रेकचे) रबर किट, सगळे होज (रबरी पाइप). कारण खनिज तेल एकदा लाइनमध्ये फिरलं की नुसतं ऑइल बदलून भागत नाही, जिथे जिथे रबर आहे ते सगळं काढून पाइप धुवावे लागतात. ३६० रुपयांच्या दोन बाटल्यांनी हे केलं.

तो माणूस नंबर बदलून अजून विकतोय, गोडाऊनचा व्हिडिओ तोच आहे. कुणी अशा ठिकाणाहून ब्रेक ऑइल घेऊन भरलं असेल तर आज गाडी काढायच्या आधी ब्रेक ऑइलच्या डबीतून सिरिंजने चमचाभर काढा आणि पेल्यातल्या पाण्यात टाका. वर तरंगलं तर चावी फिरवू नका, पेडलही दाबू नका, गाडी उचलून न्या, आणि बाटली जपून ठेवा.