नोआयआर कॅमेरा डाळिंबाच्या बागेत: किंमत कमी, कॅलिब्रेशनची मेहनत जास्त

रास्पबेरी पाय या छोट्या, स्वस्त संगणकाला जोडायचा नोआयआर कॅमेरा, आवृत्ती २, हा २०१६ मध्ये मुख्यतः हौशी प्रयोगांसाठी बाजारात आला. नेहमीच्या कॅमेऱ्यात अवरक्त (डोळ्यांना न दिसणारा, इन्फ्रारेड) प्रकाश अडवणारा फिल्टर असतो, तो यात मुळातच नाही. त्यामुळे निरोगी पानावरून मोठ्या प्रमाणात परावर्तित होणारा अवरक्त प्रकाश थेट ८ मेगापिक्सेलच्या सोनी आयएमएक्स२१९ सेन्सरपर्यंत पोहोचतो. सोलापूरजवळच्या एका डाळिंबाच्या बागेत हा कॅमेरा उंच काठीवर बांधून वापरल्यावर माझे मत असे झाले की, फोटो काढायला तो सुमार असला तरी मोजमापाला उपयोगी पडतो, मात्र त्यासाठीची निम्मी सामग्री आपल्यालाच जमवावी लागते.

जेपीईजी फाइल या कामासाठी बादच समजावी. तिच्यात व्हाइट बॅलन्स (रंगांची दुरुस्ती) आणि गॅमा (उजेडाची दुरुस्ती) आधीच मिसळलेले असल्यामुळे तिच्यावरून काढलेला एनडीव्हीआय, म्हणजे अवरक्त आणि दृश्य प्रकाशाच्या परावर्तनाची तुलना करून झाडाची हिरवाई सांगणारा आकडा, रंगीत दिसतो, पण त्याला अर्थ नसतो. रॉ फाइलमधील, म्हणजे सेन्सरकडून आलेले प्रक्रिया न केलेले, १० बिटांचे आकडे प्रकाशाच्या प्रमाणात वाढतात. त्यांतून ६४ ही काळ्याची मूळ पातळी (पूर्ण अंधारातही सेन्सर देतो तो आकडा) वजा करावी लागते. लेन्स झाकून घ्यायची काळी फ्रेम घरी पंख्याखाली न घेता बागेतच घ्यावी, कारण सेन्सर तापला की अंधारातला प्रवाहही वाढतो आणि आपल्याकडचा उन्हाळा कोणाला सांगायला नको. कडांकडे येणारा काळपटपणा काढण्यासाठी फलक बनवणाऱ्यांकडचे दुधी ॲक्रिलिक लेन्ससमोर धरून एकसारख्या प्रकाशाची फ्रेम घेतली की काम भागते.

सोबत मिळणारा निळ्या फिल्टरचा तुकडा मात्र फसवा आहे. तो लाल प्रकाश अडवतो, त्यामुळे लाल चॅनेलमध्ये बहुतांशी अवरक्त प्रकाश उतरतो हे खरे, परंतु निळ्या चॅनेलमध्येही तो झिरपतो, आणि हा वाटा वजा केल्याशिवाय हिरव्यागार झाडाचा आकडाही विनाकारण खाली येतो.

परावर्तनाचे माप ठरवण्यासाठी ज्यांचे परावर्तन आधी मोजलेले आहे असे दोन-तीन करडे, चकाकी नसलेले फलक प्रत्येक वेळी फ्रेममध्ये ठेवावे लागतात. गडद फलक म्हणून बाजारातले काळे सुती कापड वापरण्याचा मोह या कापडाच्या गावात सहज होतो. पण काळ्या रंगवलेल्या पुष्कळ कापडांवरून अवरक्त प्रकाश भरपूर परावर्तित होतो आणि डोळ्यांना काळेकुट्ट दिसणारे कापड चित्रात फिकट उमटते. छपाईच्या पांढऱ्या कागदातही चकाकीसाठी रसायन असते, म्हणून निळ्या चॅनेलसाठी तोही टाळावा.

वेळेचेही भान हवे. सोलापुरात सूर्य माथ्यावर येतो तो साधारण साडेबाराच्या आसपास, आणि मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तर तो अगदी डोक्यावर असतो. त्या वेळी कॅमेऱ्याची स्वतःची सावली फ्रेमच्या मधोमध पडते, म्हणून उन्हाळ्यात साडेदहा-अकराचे ऊन बरे.

एवढे सगळे करण्याचे कारण असे की, सेंटिनेल-२ उपग्रहाचा लाल आणि अवरक्त पट्ट्यांतील एक पिक्सेल १० मीटरचा असतो, ४.५ × ३ मीटर अंतरावरच्या बागेत त्यात सात-आठ झाडे आणि मधली माती एकत्र येते, तर हा कॅमेरा एकेक झाड वेगळे दाखवतो. एकाच बागेतील झाडांची आपसात तुलना करायची असेल, तर तो घ्यायला हरकत नाही. डाळिंबावरच्या तेल्या रोगाचे निदान त्याच्याकडून होईल ही अपेक्षा मात्र ठेवू नये. पाणी कमी पडलेले झाड आणि रोगट झाड या दोघांचाही आकडा सारखाच उतरलेला दिसतो.